पोत्यातलं मीठ आणि बोअरचं मीठ: कळंब्यातल्या बटाट्यांचं प्रकरण

कोल्हापुरात कळंबा तलावाच्या पुढं ज्या नव्या वसाहती झाल्या, त्यातल्या बऱ्याच बंगल्यांना मागं थोडं परडं आहे. एक नारळ, एक कढीपत्ता, एक शेवगा आणि उरलेल्या जागेत भाजीचे दोन-तीन वाफे. हे प्रकरण अशाच एका परड्यातलं. मालक बँकेतून निवृत्त झालेले, गल्लीत सगळे त्यांना तात्या म्हणतात. लोकांच्या परसबागा बघून माती-पाण्याचा सल्ला देणं हे माझं काम असल्यामुळे त्यात माझा शिरकाव झाला.

तात्यांची मुलगी देवगड तालुक्यात दिलेली. दिवाळीला जावई आले ते गाडीच्या डिकीत समुद्री शेवाळाची दोन पोती घेऊन. हौस जावयांची नव्हती, तात्यांची होती. आयर्लंडमधल्या बेटांवर खडकावर शेवाळ पसरून बटाटे काढतात, असा व्हिडिओ त्यांनी बघितला होता आणि फोन करून माल मागवला होता. गगनबावड्यावरून येईपर्यंत गाडीला असा वास लागला की जावयांनी परत जाताना चारी काचा उघड्या ठेवल्या.

तात्यांचा बेत ठरलेला होता. सरीत शेवाळ, त्यावर बेणं, वर माती. मी थोडं थांबायला सांगितलं, तर उत्तर तयार होतं.

"सर, जावयानं एवढ्या लांबनं आणलंय. आता ते उकिरड्यावर टाकू व्हय?"

काकूंचं मत वेगळं होतं, पण त्या वेळी ते कुणी विचारलं नाही.

तिकडे का जमतं

व्हिडिओतली गोष्ट खरीच आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला अरान बेटं आहेत. खाली उघडा चुनखडक, माती जवळजवळ नाहीच. तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या वाळू आणि शेवाळाचे थर देऊन शेतं अक्षरशः तयार केली आणि त्यात बटाटा घेतला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही हीच रीत होती. जर्सी बेटावरचा ‘जर्सी रॉयल’ हा नवा बटाटा प्रसिद्ध आहे, त्याच्या शेतांनाही परंपरेनं शेवाळाचंच खत.

पण तिथलं वेळापत्रक बघा. शेवाळ पसरायचं थंडीच्या तोंडावर किंवा थंडीत, लागवड करायची वसंतात. मधले महिने अटलांटिकचा पाऊस त्यावर पडत राहतो, मीठ धुऊन खाली जातं, आणि खाली भेगाळलेला खडक किंवा वाळू असल्यानं पाणी थांबत नाही. लागवडीच्या वेळी शेवाळ अर्धं कुजलेलं आणि बरंचसं अळणी झालेलं असतं.

कोल्हापुरात सगळं उलटं. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, बटाट्याची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दिवाळीत आणलेलं शेवाळ मातीत गेलं की पुढं सात महिने त्याला धुऊन काढील असा पाऊस नाही. त्यात तात्यांची माती काळी, निचऱ्याला मंद, सामू (पीएच) 8 च्या आसपास. काळ्या मातीत सोडियम वाढला की तो चिकणमातीच्या कणांवरचं कॅल्शियम हुसकावून लावतो, कण सुटे होतात, भोकं बुजतात आणि वर पाणी तुंबायला लागतं. शिरोळ तालुक्यात ऊस पाण्यात ठेवून ठेवून किती जमीन क्षारपड झाली, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मिठाला घाबरण्यात मुळात काही वेडेपणा नव्हता. मीही त्याच बाजूनं विचार करत होतो.

पोत्यात काय होतं

पोती ओतली तेव्हा आत मुख्यतः सारगॅसम निघालं. तपकिरी, दातेरी पानं आणि काड्यांना लागून वाटाण्याएवढे हवेचे फुगे. हे फुगे चिमटीत दाबले की टचकन फुटतात. नातवाचा सकाळचा सगळा वेळ त्यातच गेला. सोबत थोडं हिरवं पातळ शेवाळ, नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा आणि तळाशी भरपूर वाळू, शंख-शिंपल्यांचा चुरा.

माल वाहून आलेला, किनाऱ्यावर पडलेला होता, म्हणून बरं. खडकाला धरून वाढणारं शेवाळ ओरबाडून आणू नये, माशांच्या पिल्लांचा तो आसरा असतो. आणि मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, त्याच्या हद्दीतून काहीही उचलणं कायद्यात बसत नाही. जावई तिकडचेच असल्यानं त्यांना हे ठाऊक होतं.

आता खत म्हणून त्याची किंमत काय? ओल्या शेवाळात 80-85 टक्के पाणीच असतं. 20 किलोच्या पोत्यात सुकं द्रव्य सुमारे 3 किलो. त्यात नत्र (नायट्रोजन) ढोबळमानानं 30 ते 45 ग्रॅम, पालाश (पोटॅश) 100 ग्रॅम किंवा त्याहून थोडं जास्त, स्फुरद (फॉस्फरस) नावापुरतं. दुसरीकडे 25 किलो बटाटा जमिनीतून साधारण 80-90 ग्रॅम नत्र आणि सव्वाशे ग्रॅम पालाश उचलतो. म्हणजे पालाशपुरतं बोलायचं तर एक पोतं एका वाफ्याला जवळजवळ पुरतं. नत्राला अर्धं कमी पडतं, स्फुरदाला तर नाहीच. शेणखताची जागा शेवाळ घेत नाही, शेजारी बसतं एवढंच. शेवाळातल्या अल्जिनेट नावाच्या चिकट द्रव्यामुळे मातीचे कण धरून राहतात, हा वरचा फायदा.

पालाशाचाही एक बारकावा आहे. शेवाळातला पालाश बराचसा क्लोराइडच्या सोबतीनं येतो, आणि जास्त क्लोराइड बटाट्याला मानवत नाही. कंदातलं सुकं द्रव्य घटतं, बटाटा पाणचट होतो. वेफर्ससाठी बटाटा पिकवणारे क्लोराइड असलेल्या म्युरेट ऑफ पोटॅशपेक्षा महागडं सल्फेट ऑफ पोटॅश घेतात ते याचसाठी.

वाफ्यांची वाटणी

तीन वाफे, प्रत्येकी साधारण 100 चौरस फूट. बेणं कुफरी पुखराजचं, पंजाबहून येणारं, दुकानात त्या आठवड्यात तेच होतं. मला कुफरी ज्योती हवी होती, ती मिळाली नाही. याचा पुढं काकूंच्या स्वयंपाकघरात संबंध येणार आहे.

तडजोड अशी ठरली. स्वयंपाकघराला लागून असलेल्या पहिल्या वाफ्यात फक्त चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं गांडूळखत. दुसऱ्यात तेच, शिवाय पहिली भर लावून झाल्यावर वरून धुतलेल्या शेवाळाचं आच्छादन. तिसऱ्यात तात्यांच्या मनासारखं: सरीत शेवाळ. फक्त दोन अटी घातल्या. शेवाळ धुऊन घ्यायचं, आणि शेवाळ व बेणं यांच्यामध्ये चार बोटं माती टाकायची. एक पोतं दुसऱ्या-तिसऱ्या वाफ्याला मिळून लागलं, दुसरं तसंच ठेवलं.

धुणं टाकीतल्या पाण्यात बुचकळून झालं. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा मात्र पूर्ण निघाला नाही, तो तिसऱ्या वाफ्याच्या कुंपणाकडच्या टोकाला एकवटला, कारण पोत्याचा तळ तिथंच रिकामा झाला होता.

कडा करपल्या

उगवण चांगली झाली. डिसेंबरात कोल्हापुरात रात्री गार असतात आणि बटाट्याला कंद धरायला तेच हवं असतं. रात्रीचं तापमान 20 अंशांच्या वर राहिलं की पाला माजतो आणि खाली काही धरत नाही. पाला गुडघ्याला लागायला आला आणि तात्यांचा फोन आला: पानांच्या कडा करपल्यात.

फोनवर त्यांनी निदानही करून टाकलं होतं. कुठंतरी वाचलं होतं की कडा करपणं म्हणजे पालाशची कमतरता, म्हणून दुसरं पोतंही सोडावं का, असं विचारत होते. काकूंचं निदान बरोबर उलटं: खाऱ्या शेवाळानं झाडं जाळली. गंमत अशी की नुसतं पान बघून दोघांपैकी कुणालाच खोटं पाडता येत नाही. पालाश कमी पडला तरी जुन्या पानांच्या कडा तपकिरी होतात, मीठ जास्त झालं तरी तसंच.

जाऊन बघितलं, तर करपलेली पानं तिन्ही वाफ्यांत होती. सगळ्यात जास्त पहिल्या वाफ्यात, जिथं शेवाळाचा तुकडाही नव्हता. काकूंचं निदान तिथंच संपलं, आणि शेवाळाचा पालाश मिळालेल्या वाफ्यांतही कडा करपल्यामुळे तात्यांचंही लंगडं पडलं.

पहिल्या वाफ्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात मातीवर पांढरी खार आली होती, बोटानं खरवडली की पावडर निघावी अशी. त्या खारेच्या मधोमध एक बारीक पांढरी नळी मातीत खोचलेली. वर बघितलं तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून येत होती. आरओचं वाया जाणारं पाणी. पाणी फुकट जाऊ नये म्हणून तात्यांनीच ती तिथं सोडली होती, आणि त्यामागची भावना चांगलीच होती. पण आरओ मशीन मीठ नाहीसं करत नाही. पिण्याच्या पाण्यातून काढलेलं मीठ ते उरलेल्या पाण्यात ढकलतं. म्हणजे घरातलं सगळ्यात खारं पाणी नेमकं शेवाळ नसलेल्या वाफ्याला जात होतं.

मग खिशातलं ईसी मीटर काढलं आणि सगळंच मोजलं. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार किती ते हे मीटर सांगतं; आकडा जितका मोठा तितकं पाणी खारं. नळाचं पाणी 0.3 च्या आत. बोअरचं 1.1. आरओच्या नळीचं 1.6. एकक डेसिसायमन प्रति मीटर. बटाट्याच्या बाबतीत सर्वमान्य मर्यादा अशी की मुळांजवळच्या मातीची ईसी 1.7 च्या पुढं गेली की उत्पन्न घटायला लागतं, आणि त्यासाठी पाणी साधारण 1.1 पर्यंतचं चालतं. तेही निचरा चांगला असेल आणि अधूनमधून भरपूर पाणी देऊन मीठ खाली ढकललं जात असेल तर. तात्या रोज संध्याकाळी बोअरचं पाणी पाइपनं थोडं थोडं शिंपडत होते, तेही पाल्यावरून. थोडं पाणी वरच्या वर वाळतं, मीठ मुळांपाशीच राहतं. पानांवर पडलेलं पाणी वाळलं की त्यातलं मीठ पानावर राहतं, ते वेगळंच.

हिशोब

तात्या बँकेतले, त्यांना आकड्यांनी पटतं. कट्ट्यावर बसून कॅलेंडरच्या मागं हिशोब मांडला.

एका पोत्यातल्या शेवाळाला चिकटून आलेलं समुद्राचं पाणी 3 लिटर धरा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ. झाले 105 ग्रॅम. त्यातलंही बरंचसं धुण्यात गेलं. शेवाळाच्या आतले क्षार धरले, अगदी सगळं जाळून मागं राहणारी राख धरली, तरी पोत्यामागं आकडा किलोच्या आत राहतो, आणि त्या राखेत आपल्याला हवा असलेला पालाशही आला.

आता बोअर. 1.1 ईसीच्या पाण्यात लिटरमागं सुमारे 0.7 ग्रॅम क्षार. बटाट्याच्या पिकाला हंगामात निदान 500 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे 100 चौरस फुटांना साडेचार हजार लिटरच्या पुढं. गुणाकार केला तर एका वाफ्यात हंगामभरात 3 किलोच्या वर क्षार.

तात्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे जावयाला उगंच बोल लावत हुतो."

बोल काकू लावत होत्या, पण ते असो.

नेमकेपणासाठी एक सांगायला हवं. बोअरच्या क्षारांत नुसतं खाण्याचं मीठ नसतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा वाटा मोठा असतो आणि तो सोडियमइतका वाईट नाही. त्यामुळे 3 किलो आणि 105 ग्रॅम यांची तुलना सरळसरळ होत नाही. पण मोजमापाची पातळीच इतकी वेगळी आहे की शेवाळाच्या मिठावर दोन महिने घरात चर्चा होते आणि बोअर कुणी मोजत नाही, हे मला फार आपल्या स्वभावाला धरून वाटतं. जे वास मारत दारात येतं त्याच्यावर संशय, रोज नळीतून गुपचूप येतं त्याच्यावर नाही.

उपाय साधे होते. आरओची नळी काढली. शिंपडणं बंद करून सरीतून पाणी द्यायला सुरुवात केली, रोज थोडं देण्याऐवजी वाफसा बघून मोकळं. नळाचं पाणी येतं त्या दिवशी पिंप भरून घ्यायचं आणि त्यानं एकदा वाफे चांगले भिजवायचे. पुढं आलेली पानं स्वच्छ निघाली. जुनी करपली ती करपलीच.

मधेच तात्यांनी दुकानातून शेवाळाच्या अर्काची बाटली आणली. याबद्दल थोडक्यात: हे खत नाही. पाण्यात मिसळून पानांवर मारायचं, मात्रा इतकी कमी की त्यातून अन्नद्रव्य म्हणावं असं काही मिळत नाही. काम करतात ती त्यातली वाढीची संजीवकं, आणि ताणातल्या पिकावर त्यांचा उपयोग दिसतो. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं कॅपाफायकस या लाल शेवाळाचा रस काढण्याची पद्धत बसवली, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याची शेतीही होते, आणि ‘सागरिका’सारखी उत्पादनं खेडोपाडी पोचली आहेत. 2021 मध्ये केंद्रानं खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा वर्ग घालून अशा अर्कांना नियमाखाली आणलं, त्यामुळे बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. तात्यांची बाटली मी उघडू दिली नाही. आधीच तीन वाफ्यांत तीन तऱ्हा आणि वर आरओ, त्यात फवारणीची भर पडली असती तर काढणीच्या वेळी कशाला काय म्हणायचं हेच कळलं नसतं.

काढणी

फेब्रुवारीत पाला पिवळा पडून लोळला. पाणी तोडलं, साल घट्ट होऊ दिली आणि खणलं.

दुसरा वाफा, म्हणजे वरून आच्छादन घातलेला, उघड उघड सरस. बटाटे एकसारखे, साल गुळगुळीत, आणि एकही हिरवा नाही. हिरवा पडत नाही याचं कारण शेवाळाची काही जादू नाही, कंदावर ऊन पडू दिलं नाही एवढंच. उसाच्या पाचटानंही हेच झालं असतं आणि पाचट कोल्हापुरात फुकट मिळतं. आच्छादनाखाली माती ओलसर राहिली, पाणी कमी लागलं, म्हणजे बोअरचं मीठही कमी आलं, हा फायदा मात्र खरा.

तिसऱ्या वाफ्यात काही ठिकाणी झाडंच कमी होती. खणल्यावर कळलं, चार बोटं मातीची अट सगळीकडे पाळली गेली नव्हती. जिथं कापलेलं बेणं थेट शेवाळावर बसलं, तिथं दोन्ही मिळून बुळबुळीत लगदा झाला होता. कुजताना शेवाळ ओल धरून ठेवतं, हवा अडवतं, आणि कापलेल्या फोडीला तेवढं पुरतं. अख्खं लहान बेणं लावलं असतं तर एवढी नासाडी झाली नसती. बाकी झाडांना बटाटे ठीक लागले होते.

कुंपणाकडच्या टोकाचे बटाटे खरबरीत, खपल्या धरलेले निघाले. तात्यांनी लगेच शिंपल्यांच्या चुऱ्यावर बोट ठेवलं: चुन्यानं सामू वाढतो आणि विम्लधर्मी मातीत हा खपल्यांचा रोग जास्त येतो, हे त्यांनी वाचलेलं. वाचलेलं बरोबर आहे. पण ज्या मातीचा सामू मुळातच 8 आहे, तिथं मूठ-दोन मूठ शिंपल्यांनी तो किती हलणार? कंद धरायच्या वेळी माती सुकी पडली तरी हा रोग वाढतो, आणि वाळू साठलेलं ते टोक लवकर सुकत होतं. माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. गगनबावडा-राधानगरीकडच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत असता तर शिंपल्यांकडे मी जास्त संशयानं बघितलं असतं.

पहिल्या वाफ्याबद्दल काही म्हणण्यात अर्थ नाही. शेवाळ घातलेल्या वाफ्यांची तुलना ज्याच्याशी करायची तो वाफाच आरओनं नासवलेला. म्हणून "शेवाळ घातल्यानं उत्पन्न इतकं वाढलं" असं वाक्य या प्रकरणातून निघत नाही. तात्या गल्लीत ते सांगत असतातच.

शेवटची तपासणी काकूंची. तिन्ही वाफ्यांतले बटाटे वेगवेगळ्या पातेल्यांत उकडले आणि एका रविवारी कटवडा केला. पहिल्या आणि तिसऱ्या वाफ्याच्या बटाट्याचं सारण हाताला चिकटत होतं, गोळा वळताना बसकण मारत होतं. दुसऱ्याचं त्यातल्या त्यात मोकळं. क्लोराइडनं बटाटा पाणचट होतो, हे सगळं जुळतंय असं म्हणायचा मोह झाला. पण पुखराज हा मुळातच कमी सुक्या द्रव्याचा वाण, लवकर येणारा, रश्श्याला चांगला. ज्योती असती तर वड्याची परीक्षा खरी झाली असती. काकूंनी एका वाक्यात निकाल दिला: "भाजीला झ्याक हाय, वड्याला पुढच्या खेपेला दुसरा आणा."

दुसरं पोतं

ते अजून शिल्लक होतं, सावलीत सुकून हलकं झालेलं. त्याचा अर्धा भाग पाचटाबरोबर थर देऊन खड्ड्यात घातला. पाचट एकटं वर्ष-वर्ष कुजत नाही, त्यात नत्र फार कमी. शेवाळ लवकर सडतं. दोघं मिळून बरं जमतं आणि वासही दबतो.

पुढच्यासाठी जावयांना निरोप गेला आहे तो असा: दिवाळीत काही आणू नका, मे महिन्यात आणा. खडकाळ किनाऱ्यावर हिवाळा-उन्हाळा शेवाळाची वाढ होते आणि मेपर्यंत वाहून आलेलं, उन्हात कडकडीत वाळलेलं मिळतं. वजन कमी, वास कमी, गाडीत भांडण कमी. ते रिकाम्या वाफ्यांवर पसरायचं आणि जूनचा पाऊस त्यावर पडू द्यायचा. चार महिन्यांत धुतलं जाईल, कुजेल, आणि नोव्हेंबरात बेणं लावताना सरीत वेगळं काही घालावं लागणार नाही. वाफ्यांना पाणी बाहेर जायला एक चर मात्र आधी खणून ठेवायचा, नाहीतर पावसात धुतलेलं मीठ जाणार कुठं?

उरलेलं अर्धं पोतं आणि आरओची नळी, दोन्ही नारळाच्या आळ्यात गेली. नारळाला क्लोराइड बाधत नाही, उलट लागतं.

"हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" तात्या म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही बटाट्याचं विचारलं होतं.